विहीणबाईंची दुसरी आज्ञा आणि माझी

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या विहीणबाई वसईहून पहिल्यांदाच आठवडाभरासाठी इंदूरला राहायला आल्या. त्या कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. मुलांचे लग्न दोन्ही बाजूंच्या संमतीने झाले असले, तरी ज्या विषयांवर खटका उडेल ते विषय जेवताना काढायचे नाहीत, असे दोन्ही घरांनी न बोलताच ठरवून टाकले होते. माझे आजोबा नगरकडून इंदूरला कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिकवायला आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठी पवित्र शास्त्र आहे, रविवारी हिंदीतली उपासना आहे आणि भिंतीवर वचनांखेरीज काहीही नाही. विहीणबाईंपुढे मी राजवाडा, लालबाग, सराफा अशी यादी ठेवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते सगळं बघू हो सावकाश, पण मला आधी उदयनगरला न्या. राणी मारियाच्या समाधीला.”

इंदुरात जन्म काढूनही मी तिथे कधी गेले नव्हते. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाच्या. १९९२ पासून त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या परिसरात आदिवासी आणि भूमिहीन शेतकऱ्यांमध्ये काम करत होत्या आणि सावकारीच्या फासातून त्यांना सोडवू पाहत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्येच त्यांना भोसकून मारण्यात आले. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ही गोष्ट मात्र आमच्या चर्चमध्येही क्षमेवरच्या प्रवचनात मी ऐकलेली होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच झालेल्या सोहळ्यात कॅथलिक चर्चने त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केले. विश्वासासाठी प्राण दिलेल्या व्यक्तीला या पायरीसाठी चमत्काराची अट नसते. संतपदासाठी मात्र तिच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार सिद्ध व्हावा लागतो.

समाधीपाशी विहीणबाईंनी फुले ठेवली, दगडावर तळहात टेकवला आणि हलक्या आवाजात मराठीत बोलायला सुरुवात केली. त्या देवाशी बोलत नव्हत्या, राणी मारियाशी बोलत होत्या. सुनेचे नाव, माझ्या मुलाचे नाव, स्वतःच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळे काही. मी दोन पावले मागे उभी होते. डोळे मिटावेत तर या प्रार्थनेत सामील झाल्यासारखे होईल, उघडे ठेवावेत तर उद्धटपणा दिसेल, अशा पेचात मी समाधीवरची अक्षरे वाचत राहिले.

परतीच्या वाटेवर गाडीत मला राहवले नाही. मी म्हटले, “विहीणबाई, राग मानू नका, पण दुसऱ्या आज्ञेचं काय करता तुम्ही?” त्या क्षणभर गोंधळल्या आणि म्हणाल्या, “मी कुठे देवाचं नाव व्यर्थ घेतलं?”

आम्हा दोघींची दुसरी आज्ञाच वेगळी होती, हे उलगडायला थोडा वेळ लागला. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा आहेत, पण त्यांना क्रमांक दिलेले नाहीत. दहा हा आकडा शास्त्रातच इतरत्र येतो, म्हणून मोजणी दहावर आणून बसवावी लागते. प्राचीन चर्चचा आचार्य ऑगस्टीन याची मोजणी स्वीकारणारे कॅथलिक, मूर्ती करून त्यांच्या पाया पडू नये हे वाक्य पहिल्याच आज्ञेचा भाग मानतात आणि शेवटी शेजाऱ्याच्या पत्नीचा लोभ आणि त्याच्या मालमत्तेचा लोभ अशा दोन आज्ञा करतात. आम्ही प्रेस्बिटेरियन परंपरेतले लोक, तसेच अँग्लिकन, मूर्तींची आज्ञा स्वतंत्र दुसरी धरतो आणि लोभाची एकच मानतो. कॅथलिकांनी सोयीसाठी एक आज्ञा गाळली, असे लहानपणी मला सांगण्यात आले होते. ते खरे नाही, कारण ज्या लूथरपासून सोळाव्या शतकात आमची प्रोटेस्टंट वाट सुरू झाली त्याच्या अनुयायांची मोजणी आजही कॅथलिकांसारखीच आहे. तेव्हा आक्षेपाचा माझा पहिला खडा वाटेतच निसटला.

मग शब्दांवर आलो. विहीणबाईंनी त्यांच्या धर्मशिक्षणात शिकवलेला भेद सांगितला: आराधना फक्त देवाची, संतांना वंदन आणि येशूची आई मारिया हिला इतर संतांपेक्षा अधिक वंदन. लॅटिनमध्ये यांना लात्रिया, दुलिया आणि हायपरदुलिया अशी नावे आहेत. ७८७ साली निकिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांसंबंधी हाच भेद ग्रीक भाषेत केला होता. गंमत अशी की त्या परिषदेच्या कामकाजाचे जे लॅटिन भाषांतर फ्रँक राजा चार्ल्सच्या दरबारात पोहोचले, त्यात वंदन आणि आराधना या दोन्हींसाठी एकच शब्द पडला होता, आणि परिषदेने प्रतिमांची आराधना करायला सांगितले असे समजून तिथल्या पंडितांनी ७९४ साली फ्रँकफर्टला तिचा निषेध केला. सव्वासातशे वर्षांनंतर प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांत पेटलेल्या भांडणाची ही जणू रंगीत तालीमच, आणि तीही एका भाषांतराच्या चुकीवर उभी असलेली.

मराठीत ही अडचण अधिकच बिकट होते. आपण वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो, ग्रंथाला करतो, उंबऱ्यालाही करतो. नमस्कारापासून पूजेपर्यंतची वाट आपल्या भाषेत इतक्या छोट्या पायऱ्यांची आहे की कुठल्या पायरीवर आराधना सुरू झाली हे हाताची ठेवण पाहून कळत नाही. माझे आजोबा याच भीतीने कुणाला पाया पडू देत नसत. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तेव्हा पेत्राने “ऊठ, मीही माणूसच आहे” असे म्हटले, हा प्रेषितांच्या कृत्यांतला प्रसंग ते दर दिवाळीला, म्हणजे शेजारची मुले नमस्काराला येत तेव्हा, ऐकवीत. मुलांना त्यातले काय कळत असेल देव जाणे. पण विहीणबाईंचे म्हणणे मी मान्य केले: समाधीवर हात टेकवणारी बाई मनात आराधना करते की वंदन, हे मागे उभ्या असलेल्या बाईने ठरवू नये. दुसऱ्या शतकात स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाला, तेव्हा स्मर्नाच्या ख्रिस्ती मंडळीने त्याची हाडे रत्नांपेक्षा मोलाची मानून गोळा केली, आणि त्याविषयी लिहिलेल्या पत्रात आपण आराधना ख्रिस्ताची करतो, हुतात्म्यांवर मात्र प्रेम करतो, असेही लिहून ठेवले. हा भेद रोमने मागाहून पळवाट म्हणून काढला, असे म्हणण्याची सोय या पत्राने ठेवलेली नाही.

पण वंदन वेगळे आणि विनवणी वेगळी. खरा वाद विनवणीचा आहे, आणि तिथे मी माझी जागा सोडली नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात, देव आणि मनुष्ये यांच्यामध्ये ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ आहे असे स्पष्ट म्हटले आहे. विहीणबाईंनी लगेच त्याच अध्यायाचे पहिले वचन दाखवले, ज्यात सर्व माणसांसाठी विनंत्या आणि रदबदली करावी असा बोध आहे. “माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा असं मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही नाही म्हणाल का? मग राणी मारियाला सांगितलं तर बिघडलं कुठे?” हा कॅथलिकांचा नेहमीचा युक्तिवाद आहे आणि तो कमजोर नाही. माझे उत्तर असे की मी जिवंत आहे आणि मला ऐकू येते. मृतांना आपली विनंती ऐकू जाते, हे शास्त्रात कुठे सांगितले आहे? त्यांनी प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायातले वडील सांगितले, ज्यांच्या हातांतल्या धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना होत. मी म्हटले, त्या प्रार्थना वडील देवापुढे नेतात हे खरे, पण त्या वडिलांना उद्देशून केल्या होत्या असे तिथे नाही. शिवाय ‘पवित्र जन’ म्हणजे संतपद मिळालेले मोजके लोक नव्हेत, प्रेषित पौल करिंथच्या भांडकुदळ मंडळीलाही याच नावाने पत्र लिहितो.

या शब्दावर जरा थांबायला हवे. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात ‘पवित्र जन’ असते, ‘संत’ नसते, आणि त्यामुळे मराठी प्रोटेस्टंटाच्या कानाला संत म्हटले की ज्ञानोबा-तुकोबाच आठवतात. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. आमच्याकडे अजूनही त्यांची भजने टाळ-मृदंगावर होतात. तुकोबांना संतपद कुठल्या परिषदेने दिले नाही, चमत्कारांची चौकशी केली नाही. लोकांनी म्हटले आणि झाले. वसईच्या माणसाला मात्र संत म्हणजे काय हे घरच्या अंगणातून ठाऊक असते. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली संत घोषित झाले. विहीणबाई त्यांच्याविषयी बोलताना थोर चुलत्याविषयी बोलावे तसे बोलतात.

वादाला खरी कलाटणी मिळाली ती घरी पोहोचल्यावर. “मृत माणसं जिवंतांसाठी प्रार्थना करतात हे कुठे लिहिलंय विचारत होतात ना? हे घ्या,” असे म्हणून त्यांनी बॅगेतून स्वतःचे बायबल काढले आणि मक्काबींचे दुसरे पुस्तक उघडले. पंधराव्या अध्यायात यहूद्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याला स्वप्न पडते: दिवंगत महायाजक ओनियास हात पसरून सर्व लोकांसाठी प्रार्थना करतो आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या संदेष्टा यिर्मयाकडे बोट दाखवून हा लोकांसाठी पुष्कळ प्रार्थना करतो असे सांगतो आहे. उतारा नि:संदिग्ध आहे. फक्त तो माझ्या पवित्र शास्त्रात नाही.

माझ्याकडे ६६ पुस्तके, त्यांच्याकडे ७३. ही सात पुस्तके कोणी घातली आणि कोणी काढली, याचा इतिहास दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. चौथ्या-पाचव्या शतकात लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला, यहूद्यांच्या इब्री संग्रहात नसलेल्या या पुस्तकांविषयी शंका होती, ऑगस्टीनला नव्हती. १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेत रोमच्या बाजूचा पंडित योहान एक याने मृतांसाठीच्या प्रार्थनेचा आधार म्हणून मक्काबींचाच बारावा अध्याय पुढे केला, तेव्हा ते पुस्तक प्रमाणग्रंथांत बसत नाही असे लूथरने उत्तर दिले. १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये लूथरने ही पुस्तके काढली नाहीत, तर जुना आणि नवा या दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली: शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला उपयुक्त. ८ एप्रिल १५४६ रोजी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ती पूर्ण प्रमाण म्हणून जाहीर केली. आमच्याकडून ती छापायचीच बंद झाली याला मात्र धर्मसुधारणेपेक्षा पैशाचा निर्णय जास्त जबाबदार आहे. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने १८२६ साली या पुस्तकांच्या छपाईला निधी द्यायचा नाही असे ठरवले, आणि त्यानंतर हिंदुस्थानी भाषांत जी बायबले घरोघर पोहोचली त्यांत ती आलीच नाहीत. माझ्या आजोबांनी ही पुस्तके नाकारली नव्हती, त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की संतांविषयीचा वाद संतांपाशी कधी सुटणारच नाही, कारण तो संतांपाशी सुरूच होत नाही. शास्त्र कुठपर्यंत आणि त्याचा अर्थ लावायचा कोणी, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण आधीच देऊन बसलेलो असतो. समाधीपाशी गेल्यावर हात टेकवायचा की मागे उभे राहायचे, हे त्या उत्तरांतून आपोआप ठरते.

अर्थ लावण्याविषयी विहीणबाईंनी प्रेषितांच्या कृत्यांतला हबशी षंढ सांगितला. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो, सुवार्तिक फिलिप विचारतो, वाचता ते समजते का, आणि तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? कॅथलिक म्हणतात, पाहा, वाट दाखवणारे चर्च हवे. ट्रेंटने तर चर्च आणि पूर्वाचार्यांचे एकमत यांच्या विरोधात कोणी शास्त्राचा अर्थ लावू नये असे बजावले. मी त्यांना कथेचा शेवट वाचायला सांगितला. अर्थ सांगून, बाप्तिस्मा देऊन झाल्यावर प्रभूचा आत्मा फिलिपला उचलून नेतो आणि तो माणूस आनंद करत एकटाच आपल्या वाटेने जातो; फिलिप त्याच्या रथात कायमचा बसून राहत नाही. हे सुचल्याचा मला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करते. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “पण फिलिप आला नसता तर?”

पूर्वाचार्यांचे एकमत हीसुद्धा दिसते तितकी भक्कम भिंत नाही. ‘या खडकावर मी माझी मंडळी रचीन’ या मत्तयातल्या वचनातला खडक म्हणजे पेत्र की पेत्राने कबूल केलेला ख्रिस्त, यावर खुद्द ऑगस्टीनने उतारवयात वाचकाने हवा तो अर्थ निवडावा असे लिहून ठेवले आहे. पण आमच्या बाजूला बोट दाखवायला फार लांब जावे लागत नाही. केवळ शास्त्र हाच आधार मानणारे लूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली १५२९ साली मारबुर्गला समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे जुळले आणि प्रभुभोजनातल्या भाकरीविषयीच्या ‘हे माझे शरीर आहे’ या छोट्याशा वाक्यावर फाटले. लूथरने ते वाक्य खडूने टेबलावर लिहून ठेवले होते म्हणतात. दोघांचेही शास्त्र एक, दोघेही प्रामाणिक, दोघांनाही ग्रीक येत होते. शास्त्र स्वतःच स्वतःचा अर्थ सांगते असे मी मानते, तेव्हा मारबुर्गच्या त्या टेबलाचे काय करायचे हा प्रश्न मला विहीणबाईंनी विचारायची गरज नाही.

तरीही मी माझ्या बाजूलाच आहे, आणि त्याचे एक कारण केडगावला आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे, इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे पवित्र शास्त्र उतरवण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपात आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला मधला कोणी नसताना देवाचे वचन वाचता आले पाहिजे, या हट्टामागे जे आहे तेच मला प्रोटेस्टंट ठेवते. आणि गंमत पाहा, त्याच रमाबाईंचा स्मरणदिन इंग्लंडचे चर्च ३० एप्रिलला पाळते. त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही; त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतात, एवढेच. लूथरच्या बाजूच्या लोकांनी १५३० साली आउग्सबुर्गला सम्राटापुढे ठेवलेल्या आपल्या विश्वासाच्या कबुलीजबाबाचे एकविसावे कलम नेमके हेच म्हणते, की संतांचे स्मरण करावे, त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करावे, पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही. १५६३ साली ट्रेंटने याला उत्तर देताना संतांची विनवणी करणे ‘चांगले आणि उपयोगी’ आहे असे म्हटले, आवश्यक आहे असे म्हटले नाही. मात्र ती करू नये असे म्हणणाऱ्यांना त्याच दमात अधर्मी ठरवले. विहीणबाईंना मी हे वाचून दाखवले, तेव्हा ‘उपयोगी’ या शब्दावर त्या खूश झाल्या आणि पुढच्या वाक्यावर त्यांनी माझा हात थोपटला.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही व्हाइट चर्चवरून येत होतो. हे चर्च उत्तर भारताच्या मंडळीचे, म्हणजे १९७० साली सहा प्रोटेस्टंट मंडळ्या नागपूरला एकत्र येऊन जी झाली तिचे, म्हणजे आमचेच. विहीणबाईंनी नाव विचारले. मी म्हटले, सेंट अ‍ॅन. त्या थबकल्या. “मारियेची आई? अहो, तिचं नाव तर तुमच्या ६६ पुस्तकांत कुठेच नाही. आमच्या ७३ मध्येही नाही.” खरेच होते. अ‍ॅनचे नाव येते ते याकोबाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून, जो कोणत्याच बाजूच्या शास्त्रात नाही. आणि १५०५ च्या जुलैत वादळात वीज जवळ कोसळली, तेव्हा तरुण लूथरने “सेंट अ‍ॅन, वाचव, मी मठवासी होतो” असा नवस केला तो हिलाच. इंग्रजांनी सवयीने ठेवलेले ते नाव मी इतकी वर्षे रोज वाचत होते आणि त्याखालून आत जात होते.

त्या वसईला परत गेल्या, बायबल मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. गेल्या रविवारी फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला: प्रत्येक गोष्ट शास्त्रात असलीच पाहिजे, हे शास्त्रात कुठे आहे? मी तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातले सोळावे वचन सांगायला गेले, तिसरा अध्याय, प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख सद्बोध, दोष दाखवणे वगैरेंसाठी उपयोगी आहे. त्या म्हणाल्या, “उपयोगी. पुरेसा नाही म्हटलेलं.” सतराव्या वचनात देवाचा भक्त पूर्ण होऊन प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज व्हावा असे आहे, आणि माझ्या मते पुरेसेपणा त्या ‘पूर्ण’मध्ये येतो. पण हे मला फोन ठेवल्यावर सुचले. पुढच्या रविवारी त्यांची शस्त्रक्रिया होऊन गेलेली असेल. तेव्हा आधी गुडघ्याची चौकशी करीन, मग सतरावे वचन.